परसाचे जुने कुंपण बदलताना

'कुंपणच शेत खाते' असे आपण म्हणतो ते बहुधा माणसांना उद्देशून. परंतु आपल्या बेळगाव-खानापूर भागातील परसांभोवतीची जुनी कुंपणे पाहिली म्हणजे ही म्हण अक्षरशः खरी वाटू लागते. दर उन्हाळ्यात घरातील दोन माणसे कित्येक दिवस कुंपणापाठी लागतात. रानातून दांडके तोडून आणावयाचे, बाभळीच्या फेसाट्या ओढून आणावयाच्या, बाजारातून काटेरी तारेचे एखादे वेटोळे घ्यावयाचे, आणि पुढचा उन्हाळा आला की पुन्हा तेच. दांडके बुडाशी सडतात, फेसाट्या वाळवी खाते, तार गंजून तुटते. एवढे करूनही एखाद्या रात्री मोकळी गाय आत शिरते आणि चार महिन्यांची वांगी, मिरची, भेंडी एका तासात फस्त होते.

परस म्हणजे घराच्या ताटातील भाजी आणि बाजारच्या दिवशी बायाबापड्यांच्या हाती येणारे चार पैसे. ते राखणारे कुंपण कसे बदलावे, घरच्या माणसांनी आणि थोड्या खर्चात ते कसे करावे, आणि करताना जिवाला अपाय होऊ नये म्हणून काय सांभाळावे, याविषयी या अंकात लिहीत आहोत. सांगण्याचा मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. जुने कुंपण एकदम पाडू नका. त्याच्या आडोशाला, एक हात आत, मुळे धरणाऱ्या जिवंत खांबांचे कुंपण लावा. मेलेले लाकूड सडते तेव्हा ते बदलावे लागते. जिवंत खांब मात्र दरवर्षी जाड होत जातो.

लाकडी खांब नेमका कुठे सडतो?

सडलेला खांब उपटून पाहा. वरचा भाग बहुधा ठणठणीत असतो. अगदी खालचे टोकही पुष्कळदा बरे असते. कुजलेला असतो तो जमिनीच्या पातळीवरचा वीतभर भाग. याचे कारण साधे आहे. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा ही दोन्ही लागतात. वर हवा आहे पण ओल टिकत नाही. खोल मातीत ओल आहे पण हवा कमी. जमिनीलगत मात्र दोन्ही एकत्र मिळतात. वाळवीचीही वाट तेथूनच असते. म्हणून खांबाला वरून कितीही रंग दिला तरी तो त्या वीतभर भागातच मोडतो.

जुन्या कुंपणाची पाहणी करावयाची ती याच जागी. प्रत्येक खांबाच्या बुडाची माती चार बोटे बाजूला सारा आणि विळ्याचे टोक किंवा जाड खिळा लाकडात खुपसा. टोक बोटभर सहज आत गेले तर तो खांब मेला असे समजा. मग छातीच्या उंचीवर हात लावून खांब हलवा. लाकूड चांगले असूनही डुलत असेल, तर दोष खांबाचा नसून खड्ड्याचा आहे. तेवढी माती ठोकून बसविली तरी काम भागते. असे करीत सगळी रांग तपासली म्हणजे कोणते खांब अजून एक-दोन वर्षे उभे राहतील आणि कोणते पावसापूर्वीच पडतील हे कळून येते. बहुतेक ठिकाणी सगळे कुंपण बदलण्याची घाई नसते. दर तिसरा खांब तेवढा धड करून घेतला तरी जुनी रांग नव्या झाडांना लागणारा वेळ काढू शकते.

आधी हद्द, मग खड्डा

पहार हाती घेण्यापूर्वी शेजाऱ्याला हाक मारा. कुंपणावरून सुरू झालेले तंटे घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात, आणि त्यातील पुष्कळसे एका हाताच्या जागेवरून असतात. जुने कुंपण आहे तेथेच हद्द आहे असे गृहीत धरू नये. दरवर्षी नवे दांडके रोवताना रांग कधी इकडे, कधी तिकडे सरकलेली असते. शेजाऱ्याच्या सीमेचा दगड सरकवू नये, हा नियम मोशेच्या शास्त्रात अनुवादाच्या १९ व्या अध्यायात आला आहे. त्या काळीसुद्धा लोकांना ते सांगावे लागत होते, हे ध्यानात घ्यावे.

दोघांनी मिळून जुने हद्दीचे दगड शोधावे, त्यांच्यामध्ये सुतळी ताणावी आणि दोन्ही घरांच्या जाणत्या माणसांसमोर रेषा ठरवावी. दगड सापडत नसतील किंवा मत जुळत नसेल, तर कर्नाटकात तालुक्याच्या भूमापन खात्याकडे हद्दबस्तासाठी अर्ज करून मोजणी मागता येते. गोव्यातील वाचकांनी एक-चौदाचा उतारा आणि नकाशा हाताशी ठेवावा. मोजणीचा खर्च कोर्टाच्या एका तारखेच्या जाण्यायेण्यापेक्षा बहुधा कमीच पडतो. जुनी पायवाट किंवा पावसाचे पाणी जाण्याची वाट कुंपणाने बंद होत नाही ना, तेही याच वेळी पाहावे.

हद्द पक्की झाली तरी नवी झाडे अगदी रेषेवर लावू नका. दीड ते दोन फूट आपल्या बाजूला लावा. झाड वाढते, फांद्या पसरतात, छाटणी करावी लागते. आपल्याच जागेत उभे राहून दोन्ही बाजूंनी छाटता आले पाहिजे. दोन फूट जागा गेली असे वाटेल, परंतु त्याच जागेतून पाला, सरपण आणि करवंदे मिळणार आहेत.

कोणते झाड लावावे?

जिवंत खांबासाठी आपल्याकडे सर्वांत सोपे झाड म्हणजे गिरिपुष्प. कोकणात याला उंदीरमारी म्हणतात. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले, पण आता आपल्या बांधांवर ते घरच्यासारखे झाले आहे. त्याची जाड फांदी मातीत रोवली की पावसाळ्यात मुळे धरते. ते द्विदल वर्गातले झाड असल्यामुळे त्याच्या पाल्यात नत्र भरपूर असते. तो पाला भाताच्या चिखलणीत गाडला तर उत्तम हिरवळीचे खत होते. काटे असलेला पांगाराही असाच फांदीपासून लागतो. पांगारा किंवा गिरिपुष्प मोठे झाले म्हणजे त्यावर मिरीचा वेल चढविता येतो. शेवग्याची फांदी सुद्धा लागते, पण त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि पाला जनावरांना फार आवडतो. म्हणून तो कुंपणाच्या रांगेत न लावता परसाच्या आत लावावा.

नुसत्या खांबांनी कुंपण होत नाही. मधली फट भरावी लागते. त्यासाठी निरगुडी आणि अडुळसा ही दोन झाडे उत्तम. दोन्ही छाटकलमांनी लागतात, दोन्हींना गुरे-शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत, आणि दोन्ही घरगुती औषधात उपयोगी पडतात. ज्यांना तीन-चार वर्षे धीर धरता येईल त्यांनी करवंदीची रोपे लावावी. करवंद सावकाश वाढते, पण एकदा दाट झाले की त्यातून शेळीसुद्धा जाऊ शकत नाही. लोणच्याची फळे मिळतात ती वेगळीच. पूर्वेकडच्या कमी पावसाच्या गावांत मेंदीची वईही चांगली होते.

काही झाडे मात्र परसाच्या कडेला नकोत. मोगली एरंड फांदीपासून झटकन लागतो, गुरे त्याला शिवत नाहीत, म्हणून पुष्कळजण लावतात. परंतु त्याच्या बिया चवीला गोडसर असतात. लहान मुले त्या खातात, आणि मग उलट्या-जुलाबांनी दवाखाना गाठावा लागतो. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. शेराच्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. घायपाताचे टोक मुलांच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर असते. घाणेरी आणि बेशरम ही दोन्ही जनावरांना बाधतात, शिवाय एकदा शिरली की निघत नाहीत. मुले खेळतात त्या घराभोवती ही झाडे लावू नयेत, आणि आधीच असतील तर हळूहळू काढून टाकावी.

२०० फुटांचा हिशेब

उदाहरणादाखल ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद परस घेऊ. त्याची चारी बाजूंची लांबी २०० फूट होते. चार कोपऱ्यांना चार आणि फाटकाला दोन असे सहा खांब पक्के असावेत. दगडाचे मिळाले तर सर्वांत बरे, नाहीतर सिमेंटचे. बाकीच्या रांगेत दर ४ फुटांवर गिरिपुष्पाचा एक खांब धरला तर सुमारे ५० खांब लागतात. ते विकत घ्यावयाचे नाहीत. ज्याच्या बांधावर झाडे आहेत त्याच्याकडे मे महिन्यात छाटणी असतेच. दोन गिरिपुष्पांच्या मध्ये निरगुडी किंवा अडुळशाची दोन-तीन छाटकलमे, म्हणजे एकूण १०० ते १५० काड्या. त्याही गावातच मिळतात.

ज्यांना तारेचे तीन पदर हवे असतील त्यांना २०० फुटांसाठी ६०० फूट, म्हणजे सुमारे १८३ मीटर तार लागेल. गुंडाळण्यासाठी थोडी जास्त धरून २०० मीटर घ्यावी. तार दुकानात किलोवर विकतात, पण आपल्याला हवी असते लांबी. म्हणून 'एका किलोत किती मीटर बसते?' हे आधी विचारावे. तारेचा गेज म्हणजे जाडीचा आकडा उलटा चालतो. १२ गेजची तार १४ गेजपेक्षा जाड असते. १४ गेजची तार किलोमागे लांब भरते म्हणून स्वस्त वाटते, पण लवकर गंजून तुटते. जस्ताचा मुलामा दिलेलीच तार घ्यावी.

पक्के सहा खांब

कुंपण टिकते किंवा पडते ते कोपऱ्यांवर. मधल्या खांबांवर तारेचा ताण दोन्ही बाजूंनी सारखा असतो. कोपऱ्याच्या खांबाला मात्र तार आपल्याकडे ओढत असते. म्हणून कोपऱ्याचा खांब ८ फुटांचा घेऊन अडीच ते तीन फूट जमिनीत गाडावा. तार ज्या दिशेने जाते त्या दिशेला, कुंपणाच्या रेषेतच, तिरका टेकू द्यावा. टेकूचे खालचे टोक एखाद्या मोठ्या दगडावर अडवावे. कोपऱ्याला दोन दिशांनी तार जाते, तेव्हा टेकूही दोन लागतात.

खड्ड्याच्या तळाशी वीतभर बारीक खडी किंवा मुरूम घालावा, म्हणजे पाणी तळाशी साचत नाही. मग खांब उभा करून ओळंबा लावून पाहावा, आणि माती चार-चार बोटांच्या थरांनी भरीत प्रत्येक थर पहारीच्या बुडाने ठोकावा. सगळी माती एकदम ढकलून वरून पायाने दाबली तर पहिल्याच पावसात खांब कलतो. शेवटी बुडाशी माती उतरती करावी, म्हणजे पाणी खांबापासून लांब जाईल. खानापूरकडच्या तांबड्या, जांभ्याच्या जमिनीत खांब चांगला बसतो. पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत मात्र माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तेथे खड्डा थोडा रुंद घेऊन काळ्या मातीऐवजी मुरूमच भरावा.

पक्के खांब परवडत नसतील आणि लाकडाचेच घालावे लागले, तर जमिनीच्या वर आणि खाली वीत-वीतभर भागाला, लाकूड पूर्ण सुकल्यावर, डांबराचे दोन हात द्यावे. गाडीचे जळके तेल ओतण्याची पद्धत आहे ती सोडून द्यावी. ते तेल भाजीच्या मातीत उतरते आणि लाकडालाही फारसे राखीत नाही. जेथे जांभा दगड मुबलक आहे तेथे एखाद्या बाजूला गडगा रचला तर उत्तमच. त्याला ना सड आहे, ना गंज.

मृगाच्या पावसात लावणी

गिरिपुष्पाचे खांब एक वर्षाहून जुन्या, भुरकट सालीच्या फांद्यांचे घ्यावे. मनगटाएवढे जाड आणि साडेपाच-सहा फूट लांब असावे. हिरव्या कोवळ्या फांद्या कुजतात. खालचे आणि वरचे दोन्ही काप तिरके घ्यावे. वरचा तिरका असला म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. त्या वरच्या कापाला शेण-मातीचा लेप द्यावा. कोणते टोक खालचे हे विसरू नये म्हणून तोडतानाच विळ्याने खूण करून ठेवावी, कारण उलटा रोवलेला खांब सहसा लागत नाही. तोडलेल्या फांद्या सावलीत उभ्या करून ठेवल्या तर काही दिवस टिकतात.

पावसाचे दोन-तीन चांगले सडे पडून माती खोलवर भिजली की लावणी करावी. आधी पहारीने सव्वा ते दीड फूट खोल भोक पाडावे आणि मग खांब त्यात ठेवावा. हातोड्याने ठोकून रोवू नये. ठोकताना खालची साल सोलवटते, आणि मुळे तर सालीतूनच फुटावयाची असतात. भोवतालची माती घट्ट दाबावी. आत पोकळी राहिली तर बुड सुकून जाते. त्याच दिवसांत मधल्या जागी निरगुडी-अडुळशाची हातभर लांबीची छाटकलमे अर्धी मातीत जातील अशी लावावी.

पहिल्या वर्षी या नव्या खांबांना तार अडकवू नका. पालवी फुटली म्हणजे खांब लागला असे समजू नये. ती पालवी फांदीतल्या साठ्यावर फुटलेली असते, मुळे अजून नाजूक असतात. तार हलली, कुणी टेकले, म्हैस अंग घासू लागली, की ती तुटतात. म्हणूनच जुने कुंपण अजून एक वर्ष उभे ठेवावयाचे. जनावरांचा धक्का ते खाईल. शेळ्यांना एकदा सवय लागली की त्या गिरिपुष्पाचा पाला आवडीने खातात, तेव्हा कोवळी पालवी त्यांच्यापासूनही राखावी लागते. कोंबड्यांची वाट अडविण्यासाठी खालच्या बाजूला बांबूच्या कामट्या बांधल्या की पुरे.

मेलेल्या खांबांच्या जागी पुढच्या पावसात नवे लावावे. दुसऱ्या वर्षी तार जुन्या खांबांवरून काढून नव्यांवर घ्यावी. पहिला पदर जमिनीपासून एका फुटावर, दुसरा सव्वादोन फुटांवर आणि तिसरा साडेतीन फुटांवर. मात्र जिवंत खोडाभोवती तारेचा वेढा देऊ नये. झाड जाड होते, तार सालीत रुतते आणि झाडाला फास बसतो. खोडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावून त्यावरून सैल बांधावे आणि दरवर्षी गाठ तपासावी. त्या वर्षापासून वर्षातून दोन-तीनदा छाटणी करावी. छाटल्याने खालून फुटवा येतो आणि कुंपण दाट होते. न छाटता सोडले तर खाली नुसत्या काठ्या आणि वर झाडाची सावली, अशी अवस्था होते.

जुने काढताना जिवाची काळजी

तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जुने कुंपण काढावयास येते. हे काम साधे दिसते, पण अपाय होतो तो येथेच.

पहिली गोष्ट तारेची. जुनी ताणलेली तार कापली की ती सापासारखी उसळून परत येते. म्हणून आधी ताण सैल करावा, कातड्याचे हातमोजे घालावे आणि मुलांना दूर ठेवावे. कापलेला प्रत्येक तुकडा घमेल्यात गेला पाहिजे. गवतात राहिलेला दोन-तीन इंचांचा तुकडा गाय चाऱ्याबरोबर गिळते. तो तिच्या पोटाच्या पुढच्या कप्प्यात जाऊन बसतो, आणि तो कप्पा हृदयाच्या अगदी जवळ असतो. तार तेथून पुढे सरकली तर जनावर चारा सोडते, पाठ वाकवून उभे राहते, दूध आटते आणि पुष्कळदा दगावते. काम संपल्यावर जुन्या लाउडस्पीकरमधला लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या रांगेतून फिरवावा. डोळ्यांना न दिसलेले तुकडे त्याला चिकटतात.

दुसरी गोष्ट धनुर्वाताची. गंज लागल्याने धनुर्वात होतो असा समज आहे, तो पुरता खरा नाही. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात. गंजलेली तार किंवा खिळा ते खोल जखमेत नेऊन सोडतो. तार लागली तर जखम लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी. हळद, राख किंवा शेण भरू नये. मोठ्यांनी दर १० वर्षांनी टीडीची सुई घ्यावयाची असते. जखम खोल किंवा मळकट असेल आणि शेवटच्या सुईला ५ वर्षे उलटून गेली असतील, तर पुन्हा घ्यावी लागते. शेवटची सुई केव्हा घेतली हे आठवत नसेल तर सरळ आरोग्य केंद्रात जावे.

तिसरी गोष्ट साप-विंचवाची. जुन्या फेसाट्यांचे ढीग, पालापाचोळा आणि दगडांच्या फटी ही त्यांची घरे. ढिगात हात घालू नये. लांब काठीने किंवा दाताळाने ओढून काढावे, पायात बूट असावे, आणि काम उजेडी संपवावे. सर्पदंश झालाच तर चिरा देऊ नये, चोखू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला चालू न देता, दंश झालेला हात किंवा पाय न हलवता, १०८ची गाडी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष असलेल्या इस्पितळात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच औषध चालते. म्हणून साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. लाल विंचवाचा दंशही अंगावर काढू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ झाला आणि पुष्कळ जीव वाचले. पण तो उपचार वेळेवर मिळाला पाहिजे.

चौथी गोष्ट लाकडाची. सडके लाकूड वाळवीसकट परसात पडू देऊ नये. डांबर किंवा रंग लागलेले लाकूड चुलीत घालू नये, त्याचा धूर स्वयंपाकघरातल्या माणसांना बाधतो. उपटलेल्या खांबांचे खड्डे त्याच दिवशी बुजवावे. रात्री त्यात माणूस किंवा वासरू पाय मोडून घेते.

तारेत वीज सोडू नका

भीमगडच्या जंगलाकडेच्या गावांतील वाचकांसाठी दोन शब्द वेगळे लिहिले पाहिजेत. गवे आणि रानडुकरे यांना वर सांगितलेले कुंपण पुरते अडवू शकणार नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. डुक्कर खालून उकरते आणि गवा सरळ अंगावर घेतो. तेथे राखण, खंदक आणि वन खात्याकडे नुकसानीचा अर्ज हेच मार्ग. त्रासलेला माणूस रात्री घरच्या मीटरवरून तारेत वीज सोडतो, तो मात्र आपल्याच दाराशी मरण बांधतो. २३० व्होल्टची ती तार गवा, शेजारी, पहाटे परसाकडे गेलेला आपलाच मुलगा, कुणालाही ओळखीत नाही. एकदा पकडले की सोडीत नाही. असे करणे गुन्हा आहे, आणि कुणी दगावले तर तुरुंगाची वेळ येते. सौर किंवा बॅटरीचे कुंपण-यंत्र मिळते ते वेगळे. ते सुमारे एका सेकंदाच्या अंतराने क्षणभराचा झटका देते आणि मधल्या वेळात तारेत वीज नसते, म्हणून धक्का बसलेला जीव सुटू शकतो. तेही प्रमाणित असलेलेच घ्यावे, जाणकाराकडून बसवून घ्यावे आणि जागोजाग फलक लावावे.

कामाचा क्रम

थोडक्यात क्रम असा. एप्रिलमध्ये जुन्या खांबांची पाहणी आणि शेजाऱ्याबरोबर हद्दीची सुतळी. मे महिन्यात कोपऱ्यांचे आणि फाटकाचे पक्के खांब, आणि फार सडलेल्या जुन्या खांबांची तात्पुरती डागडुजी. जूनमध्ये माती भिजल्यावर गिरिपुष्प आणि मधली छाटकलमे. दुसऱ्या पावसात मेलेल्यांच्या जागी नवे खांब, आणि लागलेल्यांवर तार. तिसऱ्या वर्षी जुने कुंपण बाहेर. सगळे परस एका वर्षात होत नसेल तर दरवर्षी एक बाजू घ्यावी. रस्त्याकडची बाजू आधी, कारण मोकळी गुरे तेथूनच येतात. कोणत्याही रात्री एखादी बाजू उघडी राहू देऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

तिसऱ्या वर्षापासून छाटणीत दरसाल बऱ्याच जाड फांद्या निघू लागतील. त्या सगळ्या चुलीत न घालता पन्नास चांगल्या निवडून सावलीत उभ्या करून ठेवा, आणि ज्या शेजाऱ्याच्या परसाला अजून फेसाट्यांचे कुंपण आहे त्याला मृगाच्या आधी कळवा. त्याचे कुंपण नीट झाले म्हणजे त्याची गुरे आपल्या भाजीत येणार नाहीत, आणि आपल्या कोंबड्यांवरून त्याच्याशी बोलाचालीही व्हावयाची नाही.